एकोणसाठ इंच

३ फेब्रुवारी

ही वही मुलीनं दिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर जे बोलता ते यात लिहीत जा." वडिलांचे विचार जपून ठेवावेत असं वाटणाऱ्या मुली हल्ली दुर्मीळच. म्हणून लिहायला घेतलं.

शुक्रवारी हिची नोकरी संपली. छत्तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीशी बसून लोकांचं ऐकून घेतलं. मी तीन वर्षांपूर्वीच मोजणी खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दी आखून दिल्या. भाऊ भावाच्या उरावर बसायचे, पण माझ्या मोजणीच्या साखळीपुढं गप्प व्हायचे. आणि एक गोष्ट अभिमानानं सांगतो, आधी लेखी नोटीस दिल्याशिवाय मी कुणाच्या हद्दीत पाऊल टाकलं नाही. नियम म्हणजे नियम.

तर मी मोठ्या मनानं हिला विचारलं, "बोल, निवृत्तीची भेट म्हणून काय हवं?" हिनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "मला एक खोली हवी."

बायकांना नेमकं बोलता येत नाही, अर्थ आपणच काढावा लागतो. मी अर्ध्या तासात काढला. आमची झोपायची खोली जुनी झाली आहे. वडिलांच्या वेळचं घर, भिंतीला ओल, गिलाव्याचे पोपडे, कपाटाचं दार उघडलं की हातात येतं. हिला खोली नवी करून हवी आहे. देऊ या.

४ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मी खोली म्हणाले."

"मीही खोलीच म्हणतोय."

"मागची खोली रिकामी करता येईल का, असं माझ्या मनात होतं."

आता मागची खोली काही रिकामी व्हायची खोली नाही. त्यात माझी तीस वर्षांची वर्तमानपत्रं आहेत, नकाशांच्या गुंडाळ्या आहेत, जुनी साखळी आहे. मी तसं समजावून सांगितलं. ही "हं" म्हणाली. हिचं "हं" म्हणजे संमती, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं आहे.

मग ही स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज बंद करून, डोक्यावर रजई घेऊन बसली. हे नवं खूळ दोन वर्षांपासूनचं आहे. अंध वाचकांच्या एका ग्रंथालयासाठी ही पुस्तकं मोठ्यानं वाचते आणि फोनमध्ये ध्वनिमुद्रण करून पाठवते. फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिज बंद, आणि बाहेरचा आवाज नको म्हणून रजई. बाहेरचा आवाज म्हणजे कुठला, कोण जाणे. घरात आम्ही दोघंच तर असतो. आज दूध नासलं. मी रजईचं टोक उचलून तसं सांगितलं, तर म्हणाली, "आता पहिल्यापासून वाचावं लागेल."

मागच्या महिन्यात ग्रंथालयातून पत्र आलं होतं. सातव्या प्रकरणात नायकाची आई मरत असताना मागून कोणीतरी "चहा झाला का?" असं विचारतं, तेवढं कृपया काढावं. लोकांना बारीकसारीक गोष्टी बऱ्या ऐकू येतात.

६ फेब्रुवारी

आज घरात सभा. मुलगी आणि जावई आले, मेहुणेही आले. बाहेरची माणसं लावण्यापेक्षा घरच्यांच्या हातून काम झालेलं बरं, असं माझं मत. गवंडी आणि सुतार मात्र लागणार.

वहीत माणसांची नोंद असावी म्हणून लिहितो. मुलगी शाळेत पाचवीला गणित शिकवते. मुलांकडून एकोणतिसाचा पाढा म्हणून घेते, तोही उलटा. जावईबापू आवाजाच्या यंत्रांचं काहीतरी करतात. सभागृहात ध्वनी घुमू नये म्हणून लोक त्यांना बोलावतात म्हणे. स्वतः मात्र आठवड्याला दोन वाक्यं बोलतात. मेहुणे म्हणजे हिचे धाकटे भाऊ. कोणतीही गोष्ट सुटी करण्यात पटाईत. जोडण्याचा प्रश्न आला की त्यांना घरून फोन येतो.

मी बेत सांगितला. मुलगी म्हणाली, "आई, तू नक्की काय मागितलं होतंस?" मग मायलेकी चहा करायला म्हणून आत गेल्या आणि पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. चहाही आला नाही. आल्या तेव्हा दोघींचे चेहरे बरेच उजळले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा बेत झकास आहे. आम्ही सगळे मदत करू." ही म्हणाली, "हं." पण या वेळी हसून.

पोरीला माझं डोकं मिळालं आहे. पटलं की लगेच कामाला लागते.

९ फेब्रुवारी, रविवार

खोली रिकामी केली. आमचा पलंग म्हणजे छत्तीस-छत्तीस इंचांच्या दोन खाटा, चार बोल्टांनी जोडलेल्या. लग्नानंतरच्या आठवड्यात मी स्वतः पाना घेऊन आवळले होते ते. चौतीस वर्षांत ढिले झाले नाहीत. मेहुण्यांनी दहा मिनिटांत काढले आणि खिशात टाकले. "भावोजी, काळजी नको, माझ्याकडे सुरक्षित आहेत," म्हणाले.

एक अडचण आली. काम चालू असताना झोपायचं कुठं? मुलगी म्हणाली, मागच्या खोलीत एक खाट मावेल, आईला तिथं झोपू दे, बाबा बाहेर सोफ्यावर. त्यासाठी माझी वर्तमानपत्रं आणि नकाशे बाहेरच्या खोलीत आणावे लागले. मी विरोध केला, पण तात्पुरती व्यवस्था म्हणाल्यावर काय बोलणार. तोवर जावईबापूंनी न बोलता अकरा खेपा केल्या होत्या. पाठमोरे जाताना शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना पहिल्यांदाच ऐकलं.

११ फेब्रुवारी

गवंड्यानं ओला गिलावा खरवडला. सुतार माप घ्यायला आला. मी त्याला टेप काढू दिली नाही. या घरात मोजणी मी करतो.

पलंगाच्या मागची भिंत एकशे चौतीस इंच. पलंग बहात्तर, तो पलीकडच्या भिंतीला चिकटून राहील. म्हणजे शेजारच्या कपाटाला एकोणसाठ, आणि वर तीन इंच मोकळे. असा हिशेब डोळे मिटून करावा.

सुतार म्हणाला, "म्हणजे चार फूट अकरा." मी म्हटलं, "फूट नको, फुटात घोळ होतात. इंचात लिहा." त्याचं तोंड एवढंसं झालं. मुलगी पुढं झाली. "काका, मी लिहून देते, म्हणजे घोळ नको." मी टेप धरून मोठ्यानं सांगितलं, "रुंदी एकोणसाठ." तिनं लिहिलं. मी पुन्हा सांगितलं, "एकोणसाठ." ती म्हणाली, "हो बाबा, ऐकलं." सुताराला कागद दिला, वर त्याला दारापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ फाटकाशी बोलत उभी राहिली. वडीलधाऱ्या कारागिराशी अदबीनं वागावं, हे संस्कार.

पलंगावर ही भिंतीकडच्या बाजूला झोपते, मी मोकळ्या बाजूला. मला उठावं लागतं म्हणून तशी सोय आहे. हिला उठायचं असलं तर मला ओलांडून जावं लागतं, पण ही फारशी उठतच नाही. नव्या खोलीतही तीच रचना ठेवली आहे. जमलेली घडी मोडू नये.

१४ फेब्रुवारी

सोफ्यानं पाठ धरली. चहूबाजूंनी वर्तमानपत्रांचे ढीग. मध्ये मी असा पडतो की कुणी रद्दीवाला आला तर मलाही तोलून नेईल.

मागच्या खोलीला रंग लावून झाला. फिकट पिवळा, हिच्या आवडीचा. मी म्हटलं, हे कशाला? मुलगी म्हणाली, "उरला होता, बाबा. वाया कशाला घालवायचा?" काटकसर बघून बरं वाटलं. आमच्या खोलीला अजून रंग लागायचाच आहे, तेव्हा हा नेमका कशातून उरला हे मला कळलं नाही. पण रंगाचं खातं मेहुण्यांकडे आहे आणि त्यांना हिशेब विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१८ फेब्रुवारी

आज जावईबापू महिन्याभराचं बोलले. मागच्या खोलीच्या भिंतींना राखाडी फोमचे जाड चौकोन चिकटवत होते. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "ओल." पुढं विचारलं, आणि दाराच्या कडेला ही रबरी पट्टी कशाला? त्यावर विचार करून म्हणाले, "तीसुद्धा ओल."

ओल दारातून येते हे मला नवीन होतं. पण आपलं शिक्षण जुनं. विज्ञान पुढं गेलं असेल.

हिच्या खोलीत, म्हणजे मागच्या खोलीत, एक टेबल आलं आहे. दिवा आला आहे. खिडकीला पडदा आला आहे. तात्पुरत्या व्यवस्थेसाठी एवढं करायची गरज नव्हती, असं मी बोललो. ही म्हणाली, "चार दिवस तर चार दिवस, नीट राहावं." ही पहिल्यापासून अशीच. प्रवासात धर्मशाळेची खोलीसुद्धा झाडून घ्यायची.

एक मान्य करायला हवं. हिचा चेहरा सुधारला आहे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. मी म्हटलं, "बघ, खोलीचं काम काढल्यापासून तू किती खूश आहेस. नुसतं काम काढलं तर एवढा फरक, पूर्ण झाल्यावर काय होईल." ही खूप हसली. डोळ्यांना पदर लावण्याइतकी हसली. मी विनोद केला होता असं मला वाटत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

हद्द झाली.

कपाट आलं. सुतारानं आणि मेहुण्यांनी आत नेलं, भिंतीला लावलं, स्क्रू पिळले. सुंदर काम, वादच नाही. मग खाटा आणल्या. पहिली लागली. दुसरी आत जाईना. ढकलली, तिरकी केली, मेहुण्यांनी लाथ घातली. शेवटी मी टेप लावली.

कपाट एकोणसत्तर इंच.

दहा इंच जास्त! उरले पासष्ट, त्यात बहात्तरचा पलंग कसा मावणार? सुतार म्हणाला, "कागदावर लिहिलं तसं केलं." मी मुलीकडे वळलो. ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, माझ्या हातून एकोणसाठचं एकोणसत्तर झालं वाटतं. हल्ली आमचा गोंधळच होतो हो या आकड्यांत."

मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. गणिताची शिक्षिका! दुकानातली पोरं "फिफ्टीनाइन म्हणजे एकोणसाठ का एकोणपन्नास" विचारतात तेव्हा मी त्यांना सुनावतो, आणि इथं माझ्याच घरात ही तऱ्हा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणावं तर आडही मीच. पाढे मी घोकून घेतले होते. एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोण तिला सहाव्या वर्षी येत होते. एक आकडा चुकला नव्हता कधी.

मी अर्धा तास बोललो. मातृभाषा, शाळा, फोन, सगळ्यावर बोललो. जावईबापू फार वेळ खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. सासऱ्याचं दुःख बघवत नसेल.

२४ फेब्रुवारी

उपाय काढायचे प्रयत्न.

पहिला, पलंग फिरवून लावणं. दार उघडत नाही. दुसरा, कपाट दहा इंच कापणं. सुतार म्हणाला, "साहेब, कापतो. पण मग ते कपाट राहणार नाही, खोकं होईल." तिसरा, कपाट काढून बाहेरच्या खोलीत ठेवणं. मेहुणे म्हणाले, स्क्रू आत मुरले आहेत. एका दिवसात स्क्रू मुरतात हे मी प्रथमच ऐकलं. चौथा, निदान दोन्ही खाटा काटकोनात जोडून बघू म्हटलं, तर मेहुण्यांनी खिसे उलटे केले. बोल्ट हरवले. चारही.

"तुमच्याकडे सुरक्षित होते ना?"

"होते, भावोजी. म्हणून तर आश्चर्य वाटतंय."

दुष्काळात तेरावा महिना. मी पाटावर बसून डोकं धरलं. तेव्हा ही पुढं आली. "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. एक खाट इथं राहू दे तुम्हाला. मी राहीन मागच्या खोलीत."

चौतीस वर्षांच्या संसारात हिनं असे किती त्याग केले असतील, त्यांची मोजदाद मी ठेवली नाही. मी म्हटलं, "तुला एकटं वाटेल." म्हणाली, "सवय करून घेईन."

सगळ्यांसमोर बोललो, अशी बायको मिळायला भाग्य लागतं. मेहुणे म्हणाले, "खरं आहे, भावोजी," आणि त्यांना घरून फोन आला.

२ मार्च

खोली तयार झाली. भिंती पांढऱ्या, ओल गेली, कपाट चकचकीत. मधोमध माझी खाट. एवढ्या मोकळ्या खोलीत ती एखाद्या चुकार शेळीसारखी दिसते.

वहीत खरं लिहायचं ठरवलं आहे. झोप लागत नाही. कूस बदलली तरी कुणी "अहो, काय होतंय" म्हणत नाही. मी सकाळी डोळे उघडल्यावर आदल्या दिवशीच्या बातम्यांवरचं माझं मत सांगतो. आजही सांगितलं. निम्मं सांगून झाल्यावर लक्षात आलं की कपाटाला सांगतोय.

नव्या खोलीत आवाजही घुमतो. जावईबापूंना म्हटलं, इथंही ते ओलीचे चौकोन लावा. म्हणाले, "संपले."

७ मार्च

दहा इंच वाया गेले नाहीत. माझी वर्तमानपत्रं, नकाशे, साखळी, सगळं कपाटात मावलं. एकोणसाठात मावलं नसतं. बोलाफुलाला गाठ म्हणतात ती अशी. मात्र सगळं लावून झाल्यावर बघितलं, तर त्यात हिची एकही साडी नव्हती. ठेवायला जागा करून ठेवली होती मी. एक पूर्ण कप्पा. हिला विचारलं, तर म्हणाली, "तिकडं खुंट्या आहेत मला." खुंट्या कधी ठोकल्या?

दिवसभर मागचं दार बंद असतं. पूर्वी फ्रिज बंद असायचा, आता दार. दूध टिकतं, एवढं खरं. दारावर हिनं पुठ्ठ्याची पाटी लावली आहे, 'वाचन सुरू आहे'. टपालाच्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी असायची, तशीच, त्याच अक्षरात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर खिडकी बंद करायची हौस फिटली नसेल.

चहा दहा वाजता मिळत नाही. अकराला मिळतो.

दुपारी मी सहज बाहेर उभा राहिलो होतो, तर आतून काही म्हणजे काहीच ऐकू येईना. रबरी पट्टीनं ओल थांबवली का ठाऊक नाही, आवाज मात्र छान थांबवला. हे जावईबापूंना सांगायला हवं, त्यांच्या धंद्यात उपयोग होईल.

११ मार्च

आज दुपारी नकाशाची एक गुंडाळी कपाटाच्या मागच्या फळीकडे घसरली. ती काढायला हात घातला, तर हाताला कागद लागला. सुतारानं कामाच्या वेळी समोर राहावा म्हणून आतल्या फळीला खिळ्यानं ठोकलेला आणि काढायला विसरलेला. मुलीचं अक्षर. शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं गोल आणि ठळक.

'रुंदी ६९ इंच. अक्षरी एकोणसत्तर. बाबा एकोणसाठ म्हणतील, त्यांना हो म्हणा. आईला खोली हवी आहे.'

मी खाली बसलो. आधी राग आला. चोर घरातलेच, आणि मी त्यांच्यासमोर मातृभाषेवर अर्धा तास भाषण दिलं. बोल्ट, रंग, ओल, मुरलेले स्क्रू, फाटकाशी अदब, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढं आलं. खिडकीबाहेर बघणाऱ्या जावयाचे खांदेही. मूग गिळून बसले होते सगळे, आणि मी प्रत्येकाची कीव करत ही वही भरत होतो.

मग पहिलं पान उघडलं. हिचं वाक्य मीच लिहून ठेवलं आहे, 'मला एक खोली हवी.' चार शब्द. त्यात 'नवी' कुठं नाही. 'आपली' कुठं नाही. ते मी अर्ध्या तासात घातले. दुसऱ्या दिवशी तर हिनं खोलीचा पत्तासुद्धा सांगितला होता आणि मी म्हटलं, तिथं वर्तमानपत्रं आहेत.

तीस वर्षं बांधावर उभा राहून मी लोकांना सांगितलं, तुमचं कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं. घरात मात्र सगळंच माझ्या नावावर धरून चाललो. मोजणीच केली नाही कधी.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ही मागून मिळण्यासारखी गोष्ट असती तर चौघांना मिळून दहा इंच चोरावे लागले नसते.

१२ मार्च

सकाळी कागद घेऊन मागच्या दाराशी गेलो. पाटी लावलेली होती. जाब विचारायचा होता का, माफी मागायची होती, माझं मलाच ठरवता येईना. दार वाजवायला हात उचलला आणि लक्षात आलं, या घरात मी आजवर कुठलंच दार वाजवलेलं नाही. हात तसाच राहिला.

मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. भिंतीला टेकवून लिहिलं, जन्मभर लिहिलं तसंच:

'नोटीस. आपल्या हद्दीत आज सकाळी दहा वाजता येण्याचे योजिले आहे. काही हरकत असल्यास लेखी कळवावे.' खाली सही केली, तारीख घातली.

दाराखालची रबरी पट्टी घट्ट. कागद सरकेना. शेवटी घराची किल्ली घालून पट्टी जरा उचलली आणि कागद आत लोटला. आणि उभा राहिलो. खोकला आला होता, तो गिळला.

काही वेळानं कागद त्याच वाटेनं परत आला. माझ्या नोटिशीखाली हिचं अक्षर, टपालाच्या पावतीवर असायचं तसं बारीक आणि सरळ:

'हरकत आहे. दहाला वाचन असतं. अकराला या. दार वाजवून या. येताना दोघांचा चहा घेऊन या.'

आत्ता साडेदहा झाले आहेत. मी स्वयंपाकघरात आहे. पातेलं सापडलं, पाणी ठेवलं आहे, चहाची पूडही मिळाली. साखरेचा डबा कुठं असतो ते मात्र मला ठाऊक नाही, आणि विचारायचं तर अकरापर्यंत थांबावं लागणार.